मदत येईपर्यंतचा वेळ: रुवैसमधलं घर आणि गावाकडचं घर

  आजचा विषय जरा जड आहे, पण टाळण्यासारखा नाही. जवळ एक कागद आणि पेन असू द्या. शेवटी दोन छोट्या याद्या करायच्या आहेत.

समजा, रात्रीचे अकरा वाजलेत. रुवैसमध्ये मुलं नुकतीच झोपली आहेत. भारतात आता साडेबारा. फोन वाजतो. पलीकडे आई असते. "अरे, बाबांना दरदरून घाम आलाय. छातीत दुखतंय म्हणतायत. काय करू?" घर कणकवली तालुक्यातल्या एका वाडीत. घरात दोघंच. शेजारचं घर आंब्याच्या बागेपलीकडे.

तुम्ही पहिल्यांदा काय कराल? बहुतेकांची बोटं आपसूक १०८ दाबतील, आणि पहिली अडचण तिथंच येईल. १०८, ११२, १०१ हे छोटे नंबर त्या त्या देशातच चालतात. रुवैसहून लावलेला १०८ महाराष्ट्रात लागत नाही. पुढं +९१ लावलं तरी लागत नाही. म्हणजे आपल्या माणसासाठी ॲम्ब्युलन्स बोलवायची तर ती तिथल्याच कुणाला तरी बोलवावी लागणार. तो 'कुणीतरी' कोण, हे रात्री अकरा वाजता ठरवत बसलात तर दहा मिनिटं तिथंच गेली.

आज बोलायचंय ते याच मिनिटांबद्दल. ॲम्ब्युलन्स किती वेळात येते, असं आपण विचारतो. पण संकट सुरू झाल्यापासून माणूस डॉक्टरच्या हाती लागेपर्यंतच्या वेळाचे पाच तुकडे असतात. काहीतरी बिघडलंय हे लक्षात येणं, हा पहिला. योग्य ठिकाणी फोन जाणं, हा दुसरा. तिसरा म्हणजे पत्ता समजणं. चौथा, गाडीचा प्रवास. आणि पाचवा, गाडी दारात आल्यापासून योग्य दवाखान्यात पोहोचेपर्यंतचा. यातला गाडीचा प्रवास आपल्या हातात नाही. बाकीचे चारही तुकडे घरच्यांना कमी करता येतात.

आधी चौथ्या तुकड्याचं बघू, कारण अंतराचा अंदाज आला की बाकीचं महत्त्व कळतं.

आपलं रुवैस अबू धाबी शहरापासून साधारण २४० किलोमीटर पश्चिमेला आहे. अल धफ्रा हा आपला प्रदेश अबू धाबी अमिरातीच्या निम्म्याहून जास्त जमीन व्यापतो, आणि वस्ती मात्र इथं थोडी, तिथं थोडी. वसाहतीत राहणाऱ्यांचं नशीब चांगलं, रुवैस हॉस्पिटल जवळ आहे. पण लिवाच्या वाळूत फिरायला गेलात, किंवा सुट्टीच्या दिवशी ई-११ महामार्गावर सिलाच्या दिशेनं निघालात, की हिशेब बदलतो. आणि एखाद्या रुग्णाला पुढच्या उपचारांसाठी अबू धाबी शहरात न्यायचं ठरलं, तर रस्त्यानं दोन-अडीच तास धरून चालावं लागतं.

आता महाराष्ट्राकडे बघा. १०८ ची सेवा राज्यात २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली, ती ९३७ ॲम्ब्युलन्स घेऊन. त्यातल्या २३३ गाड्या गंभीर रुग्णांसाठी जास्त यंत्रसामग्री असलेल्या आणि ७०४ प्राथमिक उपचारांच्या. या सेवेची जमेची बाजू म्हणजे गाडीत डॉक्टर असतो. उद्दिष्ट ठरवलं गेलं ते असं: शहरात २० मिनिटांत आणि ग्रामीण भागात ३० मिनिटांत गाडी पोहोचावी. साधा भागाकार करून बघा. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. ९३७ नं भागलं की एका गाडीच्या वाट्याला सुमारे ३२८ चौरस किलोमीटर येतात, म्हणजे अठरा किलोमीटर लांब आणि अठरा किलोमीटर रुंद असा चौकोन. त्यात घाट आला, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा मोरीपूल आला, आणि तीच गाडी अगोदरच दुसरा रुग्ण घेऊन जिल्हा रुग्णालयाकडे गेलेली असू शकते.

हे कुणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. गाडी वेळेवर निघाली तरी अर्धा तास लागू शकतो, आणि तो अर्धा तास घरातल्या माणसांनीच निभावायचा असतो.

काही संकटांना अर्धा तास चालतो, काहींना चालत नाही. हृदय अचानक बंद पडलं, तर छाती दाबण्याचा उपाय सुरू न केल्यास वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. दहा मिनिटांत फारसं काही उरत नाही. घरात आग लागली, तर हल्लीच्या फोमच्या गाद्या, सोफे आणि पडद्यांमुळे बाहेर पडायला दोन-तीनच मिनिटं मिळतात. अर्धांगवायूच्या झटक्यात मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन द्यायचं तर ते पहिल्या साडेचार तासांतच द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. विषारी साप चावला, तर प्रतिविषाला जितका उशीर होईल तितका धोका वाढतो. म्हणून प्रत्येक तुकडा छाटायचा.

पहिला तुकडा: लक्षात येणं.

इथं यंत्रं मदतीला येतात. संयुक्त अरब अमिरातीत व्हिलांसाठी 'हसनतुक' ही योजना आहे. घरात धूर झाला की त्याची सूचना थेट यंत्रणेकडे जाते. कुणी जागं होऊन फोन करण्याची वाट बघावी लागत नाही. म्हणजे पहिले दोन तुकडे जवळजवळ संपले. तुमच्या फ्लॅटमध्ये साधा धूर-सूचक असेल, तर तो चालू आहे ना, हे महिन्यातून एकदा बघा. फोडणीच्या धुरानं वाजतो म्हणून त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधणारी घरं आपल्यातही आहेत. पिशवी काढा, एक्झॉस्ट पंखा लावा.

गावाकडं असं यंत्र नसतं. तिथं लक्षात येण्याचं काम रोजच्या फोनवर होतं. आईबाबांशी बोलताना "बरं आहे ना?" एवढंच विचारलं की "बरं आहे" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी ठरलेल्या वेळी फोन करायची सवय ठेवा. सकाळी सात वाजता रोज फोन होतो, आणि आज तीनदा लावूनही उचलला नाही, तर साडेसातला शेजारी जाऊन बघेल, असं आधीच ठरलेलं असू द्या. रात्री न्हाणीघरात पाय घसरून पडलेलं माणूस दुपारपर्यंत तसंच पडून राहिलं, असं होता कामा नये.

अर्धांगवायू ओळखण्याची खूण आईलाही सांगून ठेवा. हसायला सांगितलं तर तोंड एका बाजूला वाकडं होतंय का? दोन्ही हात वर केले तर एक खाली घसरतोय का? बोलणं जड झालंय का? यातलं एक जरी दिसलं, तरी "झोपून बघू, सकाळी बरं वाटेल" म्हणायचं नाही. आणि ते केव्हा सुरू झालं, ती वेळ लिहून ठेवायची. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.

दुसरा तुकडा: फोन.

इथले नंबर आधी. पोलीस ९९९. ॲम्ब्युलन्स ९९८. आग लागल्यास नागरी संरक्षण दल ९९७. हे तीन नंबर घरातल्या प्रत्येकाला पाठ हवेत, पाच वर्षांच्या मुलालासुद्धा.

रुवैसमधल्या घरांची एक खास गोष्ट आहे. इथं घरातलं एक माणूस शिफ्टला असतं, आणि प्लांटच्या आत साधा मोबाइल नेता येत नाही. त्यामुळं घरी बाळाला झटका आला, तेल पेटलं, सासूबाई पडल्या, की "आधी ह्यांना फोन लावते" यात वेळ घालवू नका. 'हे' फोन उचलणारच नाहीत. पहिला फोन ९९८ ला, दुसरा शेजारच्या वहिनींना, तिसरा कंट्रोल रूमला किंवा सुपरवायझरला, निरोप द्यायला. हा क्रम आज रात्री जेवताना दोघांनी बोलून ठेवा. इंग्रजी फारसं येत नसेल, तरी चार वाक्यं पाठ करता येतात: ॲम्ब्युलन्स हवी आहे, काय झालंय, इमारतीचा आणि फ्लॅटचा नंबर, माझा फोन नंबर. समोरच्यानं फोन ठेवायला सांगेपर्यंत आपण ठेवायचा नाही.

आता गावाकडचं. सुरुवातीच्या प्रसंगातल्या आईला तुम्ही काय सांगाल? पहिलं वाक्य असं हवं: "आई, माझा फोन ठेव आणि १०८ लाव. मी शेजारच्या काकांना फोन करतो." म्हणजे दोन फोन एकाच वेळी सुरू झाले. १०८ ला फोन लावणं महाराष्ट्रात फुकट आहे. ११२ लावला तरी चालतो. गॅसचा वास येत असेल, तर गळतीसाठी देशभर १९०६ आहे. पण तो फोन घराबाहेर येऊन करायचा. गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साठतो, म्हणून दारं-खिडक्या उघडायच्या, आणि दिव्याचं बटण ना लावायचं, ना बंद करायचं.

तुम्ही स्वतः मात्र इथून पूर्ण नंबरच लावू शकता. म्हणून तालुक्याचं पोलीस ठाणं, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय यांचे दूरध्वनी क्रमांक आजच मिळवा. लँडलाइन असेल तर कोडमधलं पहिलं शून्य गाळायचं. कणकवलीचा कोड ०२३६७ आहे, तो इथून +९१ २३६७ असा लावायचा. आणि इथं व्हॉट्सॲपवरून बोलणं होत नाही, हे आपल्याला माहीतच आहे. एरवी आपण दुसऱ्या ॲपवरून बोलतो. पण मध्यरात्री शेजारच्या काकांच्या फोनवर ते ॲप नसतं आणि इंटरनेटही बंद असतं. मोबाइलमध्ये साध्या आंतरराष्ट्रीय कॉलपुरते पैसे कायम ठेवा.

एकाच शेजाऱ्यावर विसंबू नका. किमान तीन माणसं हवीत. ज्याच्याकडे गाडी आहे आणि रात्री चालवता येते, असा एक. जो पाच मिनिटांत पायी पोहोचतो, असा दुसरा. आणि तिसरी म्हणजे गावातली आशाताई, किंवा पोलीस पाटील. आशाताईला कुठल्या केंद्रात डॉक्टर रात्री राहतात, हे माहीत असतं. पोलीस पाटलांकडे तालुक्यातले नंबर असतात.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत 'ग्रामसुरक्षा यंत्रणा' नावाची सोय आहे. गावातल्या नोंदवलेल्या फोनवरून एका ठरलेल्या नंबरला फोन करून निरोप दिला, की तोच आवाज एकाच वेळी गावातल्या सगळ्या नोंदवलेल्या फोनवर जातो. चोर आले, आग लागली, बिबट्या दिसला, मूल हरवलं, अशा वेळी शंभर घरांना एकेक फोन करायची गरज राहत नाही. तुमच्या गावात ती आहे का, आणि आईबाबांचा फोन त्यात नोंदवला आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारायला सांगा. नोंद नसेल तर त्या फोनवर गावाचा निरोप येणार नाही.

तिसरा तुकडा: पत्ता.

१०८ चा फोन उचलणारी व्यक्ती पुण्याच्या नियंत्रण कक्षात बसलेली असते. तिला तुमची वाडी माहीत नसते. "मोरीच्या पुढं, देवळाच्या मागं" हे गावच्या माणसाला पुरतं, पुण्याला पुरत नाही. म्हणून क्रम ठरवून ठेवा: जिल्हा, तालुका, गाव, वाडी, मग मोठी खूण. जिल्हा आधी, कारण एकाच नावाची गावं महाराष्ट्रात खूप आहेत. हे पाच शब्द मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी भिंतीवर लावा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्तासुद्धा आठवत नाही, पण समोरचं वाचता येतं.

पुढं आणखी एक गोष्ट. रात्री गाडी मुख्य रस्त्यावरून वाडीच्या फाट्याला वळते, तिथं एक माणूस बॅटरी घेऊन उभा हवा. ज्या गावांत हे होतं, तिथं ड्रायव्हरला घरोघर विचारत फिरावं लागत नाही.

इथंही पत्त्याचा घोळ होतो. वसाहतीतल्या इमारती एकसारख्या दिसतात. अबू धाबी अमिरातीत 'ओनवानी' या योजनेच्या पत्त्याच्या पाट्या लावल्या आहेत. तुमच्या इमारतीवरची पाटी आज खाली उतरून बघा आणि तिचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा. मुलांना फ्लॅटचा नंबर इंग्रजीतून सांगता येतो का, ते विचारा. "आमचं घर पिवळ्या गाडीच्या वर आहे" असं उत्तर आलं, तर आजच शिकवा.

आता चौथा तुकडा. गाडी वाटेत आहे. ती अर्ध्या तासात येईल, हे धरून घरात काय करायचं?

माणूस बेशुद्ध आहे, हलवून हाक मारूनही उठत नाही, आणि नीट श्वासही घेत नाही, तर कडक जमिनीवर उताणं झोपवा. दोन्ही हात एकावर एक ठेवून छातीच्या मधोमध दाबा. ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. तोंडानं श्वास देता येत नसेल तर नुसतं दाबणंही उपयोगी आहे. थकलात तर दुसऱ्यानं घ्यायचं. आई एकटी असेल तर फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवायला सांगा आणि तुम्ही इथून एक-दोन-तीन-चार मोजा. मात्र हे वाचून येत नाही. एकदा शिकावं लागतं. गावातला एखादा कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी शिकून आली तरी सबंध वाडीचं काम होतं.

छातीत दुखणारा माणूस शुद्धीवर असेल, तर त्याला टेकून बसवा, चालवू नका, जिना उतरायला लावू नका. औषध स्वतःच्या मनानं देऊ नका. १०८ वरच्या माणसाला विचारा आणि नेहमीच्या गोळ्यांची नावं सांगा.

आगीचं वेगळं आहे. तिथं थांबून काही करायचं नसतं, बाहेर पडायचं असतं. कढईतलं तेल पेटलं तर गॅस बंद करून झाकण ठेवा, पाणी कधीही टाकू नका. पाण्यानं पेटतं तेल उडून छतापर्यंत ज्वाळा जातात. खोली पेटली असेल तर मुलांना घेऊन, खाली वाकून, जाताना दार ओढून घेऊन जिन्यानं बाहेर. लिफ्ट नाही. पासपोर्टसाठी परत आत जायचं नाही. एका एक्स्टेन्शन बोर्डवर इस्त्री, हीटर आणि चार्जर एकत्र लावायची सवय असेल, तर आज एक वायर कमी करा.

इथल्या उन्हाळ्याचं एक सांगतो. उन्हात बंद केलेल्या गाडीचं आतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच साधारण १० अंशांनी वाढतं. "दोन मिनिटांत येते" म्हणून झोपलेलं मूल गाडीत ठेवून दुकानात जाऊ नका. तिथं मदत कितीही जवळ असली तरी उशीर होतो.

सर्पदंशावर गावाकडच्या प्रत्येक घरात बोलायला हवं. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. यातली मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा इतका कमी दुखतो की माणूस पुन्हा झोपतो. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वास अडकतो. म्हणून जमिनीवर अंथरूण घालत असतील तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचायला सांगा. सरपण आणि विटांचे ढीग घरापासून दूर ठेवा. रात्री अंगणात जाताना बॅटरी आणि पायात बूट.

साप चावलाच तर घट्ट दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, साप पकडायला धावू नका. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, अंगठ्या आणि बांगड्या काढा, आणि जिथं प्रतिविष आहे अशा सरकारी दवाखान्यात थेट न्या. मांत्रिकाकडे आधी जाऊन मग दवाखाना, असं केलं की मोलाचा तास जातो.

आणि न्यायचं कसं? इथं नेपाळमधलं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. पूर्व नेपाळमधल्या दमक या गावाच्या परिसरात स्वयंसेवकांनी सर्पदंश झालेल्यांना मोटरसायकलवर, पुढे चालवणारा आणि मागे धरून बसणारा अशा दोघांच्या मध्ये बसवून उपचार केंद्रात नेलं. जोडीला लोकांना समजावून सांगितलं. त्या गावांत सर्पदंशातलं मृत्यूचं प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आलं. औषध तेच होतं. लोक वेळेत पोहोचू लागले.

रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचं कामही याच जातीचं. विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, तोंडानं घ्यायचं औषध उपयोगी पडतं, हे त्यांनी खेड्यात काम करून दाखवलं. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मोठ्या शहरापर्यंत न जाता जवळच्याच आरोग्य केंद्रात उपचार मिळू लागला, म्हणजे वाटेतला वेळच वाचला.

पाचवा आणि शेवटचा तुकडा: दार आणि दवाखाना.

म्हातारी माणसं रात्री आतून दोन कड्या आणि एक अडसर लावतात. चोराची भीती खरी आहे. पण पडलेल्या माणसाला कडी काढता येत नाही. मागच्या दाराला बाहेरून किल्लीनं उघडणारं कुलूप बसवा आणि एक किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याकडे ठेवा. अंगणातला दिवा बाहेरून लावता येईल असा करा. कुत्रा असेल तर तो कोण बांधेल, हेही ठरवा. त्याच फेरीत न्हाणीघरात धरायला एक दांडी आणि उंबऱ्याजवळ रात्रीचा छोटा दिवा बसवून घ्या.

कुठल्या दवाखान्यात न्यायचं, हेही आधी माहीत हवं. सगळ्यात जवळचा दवाखाना प्रत्येक वेळी उपयोगी पडतोच असं नाही. सर्पदंशासाठी प्रतिविष कुठं आहे? अर्धांगवायूसाठी सीटी स्कॅन कुठं रात्रीही चालू असतो? हृदयाचा डॉक्टर कुठं आहे? ही तीन उत्तरं आशाताईकडून किंवा गावच्या डॉक्टरांकडून घेऊन ठेवा.

शेजारी बऱ्याचदा अडतो तो पैशांपाशी. "एवढा मोठा खर्च, मी कसा निर्णय घेऊ?" त्याला आजच स्पष्ट सांगा: "काका, वेळ आली तर मला विचारायला थांबू नका. न्या. खर्चाचं मी बघतो." थोडी रक्कम आणि कागद घरात एका पिशवीत ठेवा: आधार कार्ड आणि रेशन कार्डाच्या प्रती, जुने रिपोर्ट, गोळ्यांची यादी, कशाची ॲलर्जी असेल तर ती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात हेच कागद लागतात. रस्त्यावरच्या अपघातात मदत करायला लोक पोलिसांच्या भीतीनं कचरतात. त्यांना सांगा की २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनं अशा मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे.

आता कागद-पेन घ्या. पहिला कागद रुवैसच्या फ्रिजवर लागेल. त्यावर ९९९, ९९८, ९९७. खाली इमारत आणि फ्लॅटचा नंबर. खाली दोन शेजाऱ्यांचे नंबर. खाली ड्युटीवरच्या माणसाला निरोप देण्याचा नंबर. सगळ्यात खाली, आग लागली तर बाहेर कुठं जमायचं, ती जागा.

दुसरा कागद गावी जाईल. फोटो काढून भाच्याला पाठवा, त्याला मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावायला सांगा. त्यावर १०८, ११२, १९०६. जिल्हा, तालुका, गाव, वाडी, खूण. तीन माणसांची नावं आणि नंबर. कुठल्या त्रासाला कुठला दवाखाना. किल्ली कुणाकडे. याच कागदाची एक प्रत तुमच्या फोनमध्ये, पूर्ण +९१ च्या नंबरांसकट.

मग एकदा सराव करा. पुढच्या सुट्टीत गावी गेलात की रात्री नऊ वाजता घड्याळ लावून बघा: शेजारचे काका किती मिनिटांत दारात येतात, किल्ली लागते का, फाट्यापर्यंत बॅटरी घेऊन जायला किती वेळ लागतो. जो आकडा येईल तो तुमच्या घराचा खरा आकडा. सुरुवातीच्या त्या प्रसंगात रुवैसमधला मुलगा २,३०० किलोमीटरहून जास्त दूर आहे. तो धावत जाऊ शकत नाही. पण आईनं १०८ लावावा, काकांनी किल्ली घेऊन निघावं, भाच्यानं बॅटरी घेऊन फाट्यावर उभं राहावं, हे सगळं त्यानं तीन महिने आधी ठरवून ठेवलेलं असेल, तर त्या रात्री त्याला करायला एकच काम उरतं. काका पोहोचेपर्यंत आईशी शांत आवाजात बोलत राहायचं.

आजच्या फोनवर आईबाबांना तीन प्रश्न विचारा. रात्री काही झालं तर पहिल्यांदा कुणाला हाक माराल? किल्ली कुणाकडे आहे? आपला पत्ता पुण्यातल्या माणसाला कसा सांगाल? उत्तरं आली नाहीत, तर आजचा फोन थोडा लांबवा.